पहिला लाकडाचा लेथ घेताना: तळघर, आटे आणि लेथ सोडून झालेला खर्च

लाकडाचा लेथ, म्हणजे लाकूड गोल फिरवून कातायचं मशिन, घ्यायचा हे जानेवारी २०२५ मध्ये ठरलं आणि त्यावरून पहिलं लाटणं निघालं जूनमध्ये. मधल्या काळात काय काय झालं ते लिहून ठेवतेय, कारण मी माहिती शोधत होते तेव्हा जे मिळत होतं ते सगळं अमेरिकेतल्या नाहीतर इंग्लंडमधल्या गॅरेजवाल्यांचं होतं. तिथली मशिनं, तिथले व्होल्ट, तिथल्या किमती. पुण्यात रो-हाऊसच्या तळघरात, सिंगल फेजवर, सोसायटीच्या कमिटीला सांभाळून लेथ कसा बसवायचा हे कुणी सांगेना.

मी बँकेत आहे, सुतारकाम फक्त शनिवार-रविवार. पाट, चौरंग, पुस्तकांची शेल्फं वगैरे गेली काही वर्षं करतेय. आमचं घर बावधनच्या उतारावर आहे त्यामुळे पुढून बघितलं तर तळमजला आणि मागून बघितलं तर त्याच्याखाली अजून एक खोली, तीच आमची बेसमेंट. मागच्या भिंतीला एक लांबट खिडकी आहे, म्हणजे अगदी कोंदट नाही, पण पावसाळ्यात भिंती ओल धरतात.

सुरुवातीला सगळीकडे एकच सल्ला, की मोठ्यात मोठा घे, नंतर पस्तावशील. मी मात्र आधी वहीत लिहून काढलं की मला कातायचंय काय. लाटणी, रवी, चौरंगाचे पाय, भाच्यासाठी भोवरे, आणि कधीतरी पुढे वाडगे. यातलं वाडगे सोडून सगळं लांबट काम आहे, म्हणजे लाकडाच्या रेषा लेथच्या लांबीच्या दिशेने जातात आणि ठोकळा दोन्ही टोकांना पकडलेला असतो. त्याला दोन सेंटरमधलं, म्हणजे ठोकळा धरणाऱ्या दोन टोकांमधलं, अंतर लागतं. वाडग्याला लागतो घेर, ज्याला सगळे स्विंग म्हणतात. १२ इंच स्विंग म्हणजे स्पिंडलच्या (मोटरने फिरणाऱ्या दांड्याच्या) मध्यापासून बेडपर्यंत (मशिनच्या खालच्या आडव्या पट्ट्यापर्यंत) ६ इंच, म्हणजे जास्तीत जास्त १२ इंच व्यासाचा तुकडा फिरू शकतो. जाहिरात वाचताना एक बघा, काही ठिकाणी, विशेषतः युरोपातल्या मशिनवर, फक्त सेंटरची उंची लिहिलेली असते, ती दुप्पट केली की आपला स्विंग. आमच्या घरातलं लाटणं मोजलं तर साडेचौदा इंच भरलं, म्हणजे १८ इंच अंतर मला पुरेसं होतं. चौरंगाचे पाय तर त्याहून लहान. एवढं कळल्यावर निम्मी मशिनं आपोआप यादीतून गेली.

बरेच जण म्हणाले की लोखंड कातायचा जुना लेथ घे, स्वस्तात मिळतो. पण त्यात हत्यार टूलपोस्टमध्ये घट्ट बांधलेलं असतं आणि लाकूड कातताना हत्यार आपल्या हातात, टूलरेस्टवर टेकवलेलं हवं. वेगही त्याचे लाकडाच्या मानाने कमी आणि भुसा तेलकट स्लाइडमध्ये जाऊन बसतो तो वेगळाच. ज्याच्याकडे आहे त्याने वापरावा, पण लाकडासाठी म्हणून मुद्दाम घेऊ नये असं माझं मत.

फेब्रुवारीत भोसरीला गेले. तिथे फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाचे नमुने) बनवणारी दुकानं आहेत आणि त्यातलं एक आवराआवर करत होतं, त्यांचा जुना पॅटर्न लेथ विकायचा होता. बेड जवळपास पाच फूट, सगळा बिडाचा, बघूनच प्रेमात पडावं असा. किंमत सांगितली २८,०००, थोडं कमीही झालं असतं. जुनं मशिन कसं तपासायचं ते तिथल्या मिस्त्रींनीच दाखवलं, तेही आपल्याच मालकाचं मशिन विकायचं असताना. हेडस्टॉक (स्पिंडलची बाजू) आणि टेलस्टॉक (समोरची सरकती बाजू) दोन्हीत टोकदार सेंटर लावायचे आणि टेलस्टॉक पुढे सरकवायचा, दोन टोकं बरोब्बर समोरासमोर यायला हवीत. स्पिंडल हाताने पुढेमागे आणि वरखाली हलवून बघायचं, खेळ असेल तर बेअरिंग गेलं. बेल्ट काढून हाताने फिरवून कान लावायचा. आणि स्पिंडलच्या आतल्या टेपरमध्ये, म्हणजे निमुळत्या भोकात, बोट फिरवायचं, ओरखडे पडले असतील तर सेंटर घसरत राहतो. हे सगळं त्या मशिनचं चांगलं होतं. अडलं ते वजनावर आणि मोटरवर. मोटर थ्री फेज ४१५ व्होल्ट, माझ्याकडे सिंगल फेज. त्यावर उपाय आहे, मोटरचं कनेक्शन स्टारचं डेल्टा करता येत असेल तर २३० व्होल्टवर चालणारा व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज मोटर चालवणारं यंत्र) लावता येतो आणि वेगही कमीजास्त करता येतो. पण व्हीएफडीमुळे घरातला आरसीसीबी (वीज गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) विनाकारण ट्रिप होऊ शकतो, आणि ते सगळं जमवलं असतं तरी अडीचशे किलोच्या आसपासचं धूड आमच्या वळणाच्या जिन्यावरून खाली नेणार कोण? तळमजल्यावर गाळा किंवा पार्किंग असेल आणि मशिनमधलं थोडं कळत असेल तर असलं मशिन डोळे झाकून घ्या. मी हात जोडून परत आले.

त्याच महिन्यात पेठेतल्या एका कातारी काकांकडे जाऊन बसले. चौरंगाचे आणि पाळण्याचे पाय आयुष्यभर कातलेत. मी फोनमधले चार फोटो दाखवले, एक स्वस्तातला हलका लेथ, पाइपचा बेड असलेला, तो बघून त्यांनी फोनच परत दिला. म्हणाले, "ताई, मशिन जड घ्या. हलकं मशिन थरथरतं आणि ती थरथर कामावर उमटते, मग पॉलिश पेपर घासत बसाल." मोटर किती एचपीची घेऊ विचारलं तर म्हणाले तुमच्या कामाला एक पुष्कळ, अर्ध्यावर पण चालेल, पण खालचा वेग किती ते बघा. हे फार कामाचं निघालं. साधारण हिशोब असा की तुकड्याचा व्यास इंचात घ्यायचा आणि आरपीएमने (मिनिटाच्या फेऱ्यांनी) गुणायचं, गुणाकार ६,००० ते ९,००० मध्ये यायला हवा. २ इंचाच्या लाटण्याला ३,००० चालतील पण १० इंचाच्या वाडग्याला ६०० ते ९००, आणि ठोकळा अजून ओबडधोबड असेल तर त्याहून बराच कमी वेग. म्हणजे ज्या मशिनचा सगळ्यात कमी वेगच ७००-८०० आहे त्यावर मोठा वाकडातिकडा तुकडा चढवणं धोक्याचं.

मग आला सगळ्यात किचकट भाग, आटे. स्पिंडलच्या पुढच्या टोकाला बाहेरून आटे असतात, त्यावर चक (लाकूड जॉमध्ये, म्हणजे जबड्यांत, पकडणारा) किंवा फेसप्लेट (लाकूड स्क्रूने बसवायची चकती) फिरवून बसवतात. जगभर यात चारपाच मापं चालतात, १ इंच ८ टीपीआय (इंचाला ८ आटे) हे मध्यम मशिनवर खूप दिसतं, मोठ्या मशिनवर एम३३ बाय ३.५ किंवा सव्वा इंच ८ टीपीआय, छोट्या इंग्लिश मशिनवर पाऊण इंच १६ टीपीआय. आतला टेपर एमटी१ किंवा एमटी२ (मोर्स टेपरचे नंबर), यात एमटी२ घ्यावा, सामान जास्त मिळतं. हे एवढं महत्त्वाचं का, तर मशिन एकदाच घेतो पण चक, जॉ, फेसप्लेट, ड्रिल चक, लाइव्ह सेंटर हे सगळं नंतर वर्षानुवर्षं घेत राहतो आणि ते सगळं याच दोन मापांवर बसतं.

राजकोट आणि बटाला या दोन्हीकडे बनलेल्या लाकडाच्या लेथची कोटेशनं मागवली होती. ३ फुटी, बिडाचा बेड, १ एचपी, चार पायऱ्यांची पुली, ३०-३५ हजारांच्या घरात मोटरसकट. वजनदार आणि साधं मशिन, बिघडलं तर कोपऱ्यावरचा मिस्त्रीसुद्धा दुरुस्त करेल. पण मला ज्यांची कोटेशनं आली त्यातल्या एकाने आट्याचं माप विचारल्यावर "मॅडम, आमचा फेसप्लेट त्यावर बसतो" असं उत्तर दिलं आणि दुसऱ्याने माप दिलं ते कुठल्याच चकचं नव्हतं. टर्नरकडून अडॅप्टर करून घेता येतो, पण अडॅप्टर लावला की चक बेअरिंगपासून तेवढा लांब जातो आणि तो जरा जरी वाकडा कातला गेला तर सगळंच डुगडुगतं. शिवाय एकाचा स्पिंडल भरीव होता, म्हणजे मागून सळई घालून सेंटर ठोकून काढायची सोय नाही. फक्त लाटणी आणि पाय कातायचे असतील, दोन सेंटरमध्येच काम असेल, तर मी आजही सांगेन की देशी मशिन घ्या आणि उरलेल्या पैशात चांगली हत्यारं घ्या. मला पुढेमागे वाडगे करायचे होते म्हणून मी तिकडे गेले नाही.

मार्चभर बँकेत इयर एंडिंग, त्यात काहीच झालं नाही. ३० मार्चला पाडवा होता, त्या दिवशी बंगळुरूच्या एका विक्रेत्याकडे ऑर्डर दिली. बाहेरून आयात केलेला १२ बाय १८ चा (१२ इंच स्विंग, १८ इंच अंतर) मिडी, म्हणजे मध्यम आकाराचा, लेथ, बेड बिडाचा, १ एचपी, १ इंच ८ टीपीआय, एमटी२, वेग डायलने कमीजास्त होतो आणि आत बेल्टच्या तीन पायऱ्याही आहेत. किंमत १८ टक्के जीएसटी धरून ६१,५००. निम्मे आधी, निम्मे माल निघताना. पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी ईमेलवर लिहून घ्या: मोटर २३० व्होल्ट ५० हर्ट्झची आहे, कंट्रोल बोर्ड गेला तर सुटा मिळेल, आणि वॉरंटीत मशिन तिकडे पाठवायचा खर्च कोणाचा. आमच्या बाबतीत तो खर्च आपला, हे आधी कळलेलं बरं.

मशिन यायला महिनाभर लागणार होता, तेवढ्यात घरची कामं काढली. सोसायटीच्या कमिटीला अर्ज दिला. तशी घरातल्या घरात मशिन लावायला परवानगी लागते का यावर नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं, पण आमच्या आणि शेजारच्या काकांच्या घराची भिंत एकच आहे आणि मला नंतर कटकट नको होती. अर्जात लिहिलं की धंद्यासाठी वापरणार नाही, थिनर-पॉलिशचा साठा करणार नाही, आग विझवायचा सिलिंडर ठेवेन, रात्री ८ नंतर आणि दुपारी २ ते ४ मशिन बंद. दुपारचं मी स्वतःहून लिहिलं, पुण्यात राहून ते वेगळं सांगायला लागू नये. कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदा, त्यामुळे उत्तराला एप्रिलचा शेवट उजाडला. एका सभासदांनी विचारलं की लेथ म्हणजे भिंती हादरतील का, त्यांना घरी बोलावून जुनी वॉशिंग मशिन स्पिनवर लावून दाखवली आणि सांगितलं की याच्यापेक्षा कमी.

विजेचं काम मात्र नीट लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, आमचा ३ किलोवॅट होता आणि एसी, गीझर धरून तो आधीच ताणलेला. महावितरणकडे भार वाढवायचा ऑनलाइन अर्ज केला, इलेक्ट्रिशियनचा टेस्ट रिपोर्ट जोडला, कोटेशन आलं, भरलं. हा खर्च लेथच्या हिशोबात धरत नाही, तो तसाही करायचाच होता. घरात मेन डीबीपासून (विजेच्या मुख्य बोर्डापासून) तळघरापर्यंत ४ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र वायर, १६ अँपिअरचा सी टाइप एमसीबी कारण मोटर सुरू होताना झटकन जास्त करंट ओढते, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि अर्थिंग तपासून घेतलं. सामान तपकीर गल्लीतून आणलं, मजुरी धरून ९,४०० झाले. मशिनला नो-व्होल्ट स्विच आहे का ते बघा, नसेल तर लावून घ्या. लाइट गेली आणि परत आली तर मशिन आपोआप सुरू होत नाही, हिरवं बटण दाबावं लागतं. गुरुवारी लाइट गेली, आपण स्विच तसाच ठेवून वर चहाला गेलो आणि लाइट आल्यावर खाली लेथ एकटाच फिरतोय हे नकोच.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात माल आला, म्हणजे घरी नाही, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला. एलआरची (ट्रान्सपोर्टच्या पावतीची) कॉपी आणि आधार दाखवायचं, टू-पे असल्याने भाडं तिथेच भरायचं, २,८०० झाले. ५० हजारांच्या वर किमतीचा माल दुसऱ्या राज्यातून येताना ई-वे बिल लागतं, ते विक्रेत्याने काढलेलं होतं पण त्याचा नंबर आपल्याकडेही असू द्या, काउंटरवर विचारला. पावतीवर सही करायच्या आधी पेटी चारी बाजूंनी बघून फोटो काढले, एक कोपरा चेपला होता तर तसं पावतीवर लिहून घेतलं. तिथला माणूस जरा वैतागला पण लिहिलं त्याने. मग छोटा हत्ती ९०० आणि हमाली ६००. जिन्यावरून नेताना टेलस्टॉक, बँजो (टूलरेस्ट धरणारा भाग) आणि टूलरेस्ट सुटे करून वेगळे नेले, त्याने वजन बरंच उतरलं आणि दोन माणसांनी लेथ सहज खाली नेला.

स्टँड शिवणे गावातल्या एका फॅब्रिकेटरकडून आधीच करून ठेवला होता, ८,५००. उंचीचा नियम सोपा, स्पिंडलचा मध्य आपल्या कोपराच्या उंचीला आला पाहिजे. माझी उंची ५ फूट २ इंच, तयार स्टँड सगळे माझ्यासाठी उंच पडत होते. खाली फळी टाकून त्यावर वाळूची पोती ठेवली, तीन पोती, आणि थरथर एकदम गेली. कातारी काकांना फोन करून सांगितलं तर म्हणाले अजून एक ठेवा.

आता लेथ सोडून झालेला खर्च, कारण इथेच लोकांचं बजेट कोलमडतं. चार जॉचा चक ९,८००. हायस्पीड स्टीलची सहा हत्यारं ११,०००: रफिंग गाऊज (गाऊज म्हणजे नालीच्या आकाराची पटाशी), स्पिंडल गाऊज, बोल गाऊज, स्क्यू, पार्टिंग आणि स्क्रेपर. कार्बन स्टीलचा सेट निम्म्यात मिळत होता पण ग्राइंडरवर जरा तापून निळा पडला की त्याचं पाणी उतरतं, हायस्पीडला तसं होत नाही, आणि नवशिक्याच्या हातून निळं होणारच. साग तर धारेला भारी, त्याच्या लाकडातच सिलिका असते. त्यामुळे ग्राइंडर हवाच, ८ इंची घेतला आणि बोहरी आळीतून पांढरं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं चाक घातलं, दोन्ही मिळून ७,२००. फेस शील्ड आणि मास्क १,९००. मास्कमध्ये कंजूषपणा नको, शिसमाच्या जातीच्या भुशाची अंगाला आणि श्वासाला अ‍ॅलर्जी होऊ शकते. लेथ, भाडं, हमाली, वायरिंग, स्टँड सगळं धरून १,१३,६००. म्हणजे लेथला जेवढे गेले जवळजवळ तेवढेच बाकीच्याला.

सुरू करताना पोटात गोळा आला होता, खोटं कशाला बोला. केस घट्ट बांधले, मंगळसूत्र, बांगड्या, घड्याळ वर ठेवून आले, ओढणीचा प्रश्नच नाही, जुना शर्ट बाह्या कोपरापर्यंत दुमडून. हातमोजे घालायचे नाहीत, मोजा अडकला तर हात ओढला जातो. तुकडा चढवला की आधी हाताने एक फेरा फिरवून बघायचा, कुठे अडत नाही ना, चकची किल्ली काढलीय ना, मग डायल शून्यावर आणून बटण दाबायचं आणि तुकड्याच्या समोर न उभं राहता बाजूला उभं राहायचं. डायलचा वेग अगदी खाली आणला की जोर कमी पडतो, तेव्हा बेल्टच खालच्या पायरीवर घ्यावा. आणि रफिंग गाऊज फक्त लांबट कामाला, वाडग्यावर कधीच नाही, त्याची मागची शेपटी बारीक असते, अडकला की तिथून मोडतो. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून सागाचे २ बाय २ चे तुकडे वजनावर आणले होते, त्यावर नुसता सराव केला. सासूबाई एकदा खाली आल्या, ढिगाकडे बघून म्हणाल्या, "एवढ्या भुशात लाटणं कुठाय?"

२०२५ मध्ये पाऊस लवकर आला, २६ मेलाच मान्सून पुण्यात दाखल, आणि चारच दिवसांत बेडवर तांबूस छटा दिसली. बारीक स्टील वूलने पुसून पेस्ट वॅक्स लावलं, आता दर रविवारी काम संपलं की लावते. वर जुनी सुती चादर टाकते, प्लॅस्टिक टाकलं तर आत दमट राहतं. ओला भुसा बेडवर रात्रभर ठेवायचा नाही. एक डीह्युमिडिफायर घ्यायचा विचार आहे पण त्याआधी खिडकीत एक्झॉस्ट बसवून बघतेय.

लाटणं शेवटी शिसमाचं केलं, ते सासूबाईंकडे आहे. फिनिश म्हणून नुसतं मेण आणि तेल, पॉलिश काही नाही. जुलैत सोसायटीतल्या वर्षावृक्षाची मोठी फांदी पडली त्यातला एक ओंडका मागून घेतला. ओला असतानाच वाडगं ढोबळ कातून ठेवलंय, भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी जाड, म्हणजे १० इंची वाडग्याला १ इंच, वाळताना ते वेडंवाकडं होतं म्हणून एवढी जाडी सोडायची. कडेला फेविकॉल फासलाय म्हणजे तडे कमी जातील. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहितेय, वजन उतरायचं थांबलं की परत चढवणार, बहुतेक दिवाळीच्या पुढेच.